मलवाहिनीतल्या लाइनरची पन्नास वर्षांची झीज: मॉडेल बांधण्याचा क्रम आणि त्यात होणाऱ्या चुका

जुन्या मलवाहिनीच्या आत कॉम्पोझिट लाइनर (रेझिन आणि तंतूंचं अस्तर) बसवला की पुढचा प्रश्न ठरलेला: हा टिकणार किती? उत्तरादाखल येणारे अहवाल बहुतेकदा एकाच साच्यातले असतात. वाकण-चाचणीतला मॉड्युलस (ताठरतेचं माप) घेतला, त्याला ०.५ ने गुणलं, आलेखात एक उतरती रेघ काढली आणि खाली ‘आयुर्मान ५० वर्षे’ असं लिहून मोकळे झाले. त्या ०.५ मध्ये काय धरलंय आणि काय नाही, हे विचारलं की घोडं अडतं. तो गुणक सततच्या भाराखाली होणाऱ्या क्रीपसाठी, म्हणजे हळूहळू वाढत जाणाऱ्या वाकण्यासाठी आहे. गंधकाम्ल, वाळूची घासण, अर्धवट क्युअर झालेलं (पुरतं कडक न झालेलं) रेझिन यांतलं काहीही त्यात नाही.

हा लेख गुरुत्व (उताराने वाहणाऱ्या) मलवाहिन्यांतल्या सीआयपीपी (क्युअर्ड-इन-प्लेस पाइप) लाइनरपुरता आहे, म्हणजे पॉलिस्टर फेल्टमध्ये किंवा काचतंतूंच्या कापडात रेझिन भिजवून जागेवरच कडक केलेला लाइनर. दाबाखालच्या वाहिन्यांचं गणित वेगळं, ते इथे नाही. स्वतः मॉडेल बांधणाऱ्याला आणि दुसऱ्याचं मॉडेल तपासणाऱ्याला, दोघांनाही क्रम हाच लागतो.

## टप्पा १: ‘निकामी’ म्हणजे काय, ते आधी लिहून काढा

मॉड्युलस किती घटला हे कोणालाच नको असतं. महापालिकेला हवं असतं ते असं: लाइनर आत दबेल का, चिरेल का, गळेल का. म्हणून संगणकाला हात लावण्याआधी मर्यादा-अवस्था, म्हणजे कोणत्या स्थितीला लाइनर निकामी मानायचा, ते ठरवा. सीआयपीपीसाठी सहसा या चार पुरतात:

१. बाहेरच्या भूजलाच्या दाबाने लाइनर आतल्या बाजूला वाकून कोसळणं (बकलिंग).
२. ताण आणि आम्ल यांच्या एकत्रित परिणामाने भिंतीला आरपार चीर जाणं. काचतंतूंच्या लाइनरला हा धोका मोठा.
३. तळाची जाडी घासून किमान मर्यादेखाली जाणं.
४. मॅनहोलजवळच्या टोकांना आणि घरजोडण्यांच्या कापांशी गळती.

प्रत्येक अवस्थेला आकड्यातली अट लागते. ‘बकलिंगची सुरक्षितता १ च्या खाली गेली’ ही अट झाली. ‘स्थिती खराब झाली’ ही अट नव्हे.

चौथी अवस्था मॉडेलमध्ये नीट बसत नाही, कारण ती साहित्यापेक्षा कामाच्या हातावर अवलंबून असते. तिला ओढूनताणून समीकरणात घालू नका. कॅमेरा-तपासणीच्या वेळापत्रकात टाका आणि मॉडेलमध्ये ती नाही असं स्पष्ट लिहा.

तपासा: प्रत्येक मर्यादा-अवस्थेपुढे ‘कोणती राशी, कोणत्या जागी, कोणत्या किमतीला’ हे एका ओळीत लिहिता येतंय का? येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: बसवलेला लाइनर ओळखा, कागदावरचा नव्हे

डिझाइनचा कागद आणि रस्त्याखालची वस्तू यांत फरक असतो. मॉडेलची सुरुवात वस्तूपासून करायची, आणि त्यासाठी पुढची माहिती लागते.

रेझिन कोणतं: पॉलिस्टर, व्हिनाइल एस्टर की इपॉक्सी. पॉलिस्टरच्या साखळीत एस्टर बंध जास्त, आणि पाणी हळूहळू तेच तोडतं. व्हिनाइल एस्टरमध्ये ते कमी आणि साखळीच्या टोकांकडे असतात, म्हणून तो जलविघटनाला जास्त दाद देत नाही. अमाइनने कडक केलेल्या इपॉक्सीत अमाइन गट आम्ल ओढून घेतात. त्यामुळे व्हिनाइल एस्टरचे आम्लाचे आकडे इपॉक्सीला चिकटवणं चूक.

बळकटी कशाची: पॉलिस्टर फेल्ट की काच. काच असेल तर साधी ई-काच की आम्लरोधक ईसीआर काच. साध्या ई-काचेतून आम्ल कॅल्शियम आणि अॅल्युमिनियम धुऊन काढतं, तंतूच्या बाहेरच्या थराला तडे जातात आणि थोड्याशा ताणावरही तंतू तुटतो. हा एक शब्द माहीत नसेल तर दुसरी मर्यादा-अवस्था मोजताच येत नाही.

क्युअर कितपत झालंय: नमुन्यावर डीएससीने (उष्णता मोजणारी चाचणी) उरलेली अभिक्रियेची उष्णता आणि डीएमएने (तापमानानुसार ताठरता मोजणारी चाचणी) काच-संक्रमण तापमान, म्हणजे ज्यावर कडक रेझिन मऊ पडतं ते, काढा. काच-संक्रमण तापमान कोरड्या आणि पाणी मुरलेल्या, अशा दोन्ही नमुन्यांवर हवं. पाणी मुरलं की ते खाली येतं, आणि पुढच्या टप्प्यातल्या चाचण्यांचं तापमान याच खालच्या आकड्यावरून ठरतं.

जाडी: मोजलेली, आणि घेराभोवती निदान आठ जागी. आतलं प्लास्टिकचं आवरण आणि बाहेरचा प्रीलाइनर (लाइनरच्या आधी घातलेली संरक्षक पिशवी) संरचनेच्या जाडीत धरायचे नाहीत. रेझिन तळाकडे उतरलं असेल तर माथ्याची जाडी कमी भरते, आणि आम्लही माथ्यावरच असतं.

सावधान: मॅनहोलमध्ये साच्यात घेतलेला नमुना आणि दोन मॅनहोलच्या मधला लाइनर सारखे नसतात. मॅनहोलमधल्या नमुन्याला उष्णता वेगळी मिळते, भूजलाचा गारवा लागत नाही. त्याचा आकडा वरची मर्यादा समजा.

## टप्पा ३: वाहिनीचे विभाग पाडा

अख्ख्या वाहिनीला एकच वक्र लावणं ही या कामातली सगळ्यात मोठी चूक. एकाच छेदात तीन वेगळी पर्यावरणं असतात.

तळ सतत पाण्याखाली. मैलापाण्याचा पीएच साधारण उदासीन, त्यामुळे आम्ल नाही, पण वाळू घासते आणि जेटिंगची (जोरदार पाण्याने सफाई करणारी) नळी तिथूनच फिरते. माथा ओलसर हवेत. पाण्यातला सल्फाइड वायू होऊन वर येतो, भिंतीवरच्या ओलाव्यात विरघळतो आणि अॅसिडिथायोबॅसिलस जातीचे जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात. तिथला पीएच १ च्या आसपासही जातो. पाण्याची रेषा जिथे दिवसातून वरखाली होते तो पट्टा ओला-कोरडा होत राहतो.

लांबीच्या दिशेनेही विभाग हवेत. पंपिंग मेन (पंपाने दाबाखाली मैलापाणी आणणारी वाहिनी) जिथे ओततं त्या मॅनहोलच्या पुढचा भाग, उंचावरून पाणी पडणारे ड्रॉप मॅनहोल, मंद उताराचे लांब पट्टे इथे हायड्रोजन सल्फाइड जास्त. नेमके हे भाग सरासरीत विरघळून जातात.

विभागनिहाय चार गोष्टी मोजा: सांडपाण्याचं तापमान, हवेतला हायड्रोजन सल्फाइड, भिंतीवरच्या ओलाव्याचा पीएच आणि बाहेरच्या भूजलाची पातळी.

तापमानाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. सीआयपीपीची बरीच डिझाइन-पद्धत थंड देशांतून आली आहे. तिथे सांडपाणी १५ अंशांच्या आसपास असतं, मुंबईत ते सहज ३० अंशांना पोचतं. विघटनाची सक्रियण ऊर्जा (वेग तापमानाबरोबर किती वाढतो ते ठरवणारा आकडा) ६० किलोजूल प्रति मोल धरली तर तापमानावरून वेग काढणाऱ्या आऱ्हेनियसच्या समीकरणाने १५ वरून ३० अंशांवर वेग सुमारे ३.५ पट होतो. म्हणजे युरोपातल्या वाहिनीवर बसवलेला घट-गुणक कोकणपट्टीत जसाच्या तसा वापरला तर रसायनाच्या बाजूने हिशेब तिथेच चुकला.

भूजलाचंही तसंच. पावसाळ्यात पातळी जमिनीच्या अगदी जवळ, मे महिन्यात कदाचित लाइनरच्याही खाली. वर्षाची सरासरी घेतली तर बकलिंगचा धोका झाकला जातो. कमाल पातळी बारा महिने धरली तर क्रीप उगाच फुगतं. तात्कालिक बकलिंग तपासायला कमाल पातळी, क्रीपसाठी महिनावार भार-इतिहास, असे दोन वेगळे आकडे ठेवा. मूळ पाइप जागोजागी चिरलेला असतो, म्हणून हा दाब थेट लाइनरच्या पाठीवर येतो. ‘बाहेर काँक्रीटचा पाइप आहे ना’ या युक्तिवादाला अर्थ नाही.

सावधान: ही मोजमापं वरून करा, लांब दांड्यावरचा पीएच-कागद आणि दोरीने सोडलेला वायूमापक वापरून. हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमला जिवाला तत्काळ धोकादायक मानला जातो, आणि त्या पातळीला नाक बधिर होऊन वासही येईनासा होतो. आकडे हवेत म्हणून कोणालाही मॅनहोलमध्ये उतरवू नका.

## टप्पा ४: चाचण्या आखा, आणि इथे घाई करू नका

मॉडेल बिघडतं ते बहुधा इथे. पाणी मुरतं ते अक्षरशः इथेच.

जाडीचा हिशेब. पाणी भिंतीत शिरायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गावर अवलंबून असतो. विसरण गुणांक (पाणी किती वेगाने मुरतं त्याचं माप) १०⁻¹² चौरस मीटर प्रति सेकंद धरून पाहू. ४ मिलिमीटरची पट्टी दोन्ही बाजूंनी पाण्यात, म्हणजे वाट २ मिलिमीटरची. मुरण्याचा कालमापक वाटेचा वर्ग भागिले गुणांक, सुमारे ४६ दिवस. तोच माल १२ मिलिमीटर जाड आणि पाणी एकाच बाजूने असेल तर वाट सहापट, वेळ छत्तीसपट, म्हणजे सुमारे साडेचार वर्षं. पट्टीच्या चाचणीत दिसलेली घट लाइनरला त्याच तारखेला लावली तर पहिली काही वर्षं विनाकारण काळी दिसतात. उलट, पट्टी महिनाभरच भिजवली असेल तर ती पुरती मुरलेलीच नसते, आणि मॉडेल कायमचं आशावादी होतं.

कापलेल्या कडा. पट्टी कापली की तंतूंची तोंडं उघडी पडतात आणि पाणी-आम्ल तंतूच्या कडेने आत पळतं. रस्त्याखालच्या लाइनरला अशा कडा फक्त टोकांना आणि घरजोडण्यांना असतात. भिंतीचं मॉडेल करताना कडा त्याच रेझिनने बंद करा. कापांचं मॉडेल करायचं असेल तर मुद्दाम उघड्या ठेवा. दोन्ही प्रकारच्या पट्ट्या एका आलेखात मिसळू नका.

तापमान. किमान तीन तापमानं हवीत, दोनवर आऱ्हेनियसची रेघ नेहमीच सरळ येते. सगळ्यात वरचं तापमान पाणी मुरलेल्या अवस्थेतल्या काच-संक्रमण तापमानाच्या निदान २० अंश खाली ठेवा. त्याच्या जवळ गेलात तर यंत्रणाच बदलते आणि तुम्ही वेगळ्याच पदार्थाची चाचणी करत बसता.

सक्रियण ऊर्जेचा अंदाज किती जपून घ्यायचा ते या आकड्यांवरून दिसेल. ६० अंशांवरचे १००० तास २५ अंशांवर किती? ऊर्जा ४० किलोजूल प्रति मोल असेल तर सुमारे ५,४०० तास, ६० असेल तर सुमारे १२,७००, आणि ८० असेल तर सुमारे २९,७००. पुस्तकातून उचललेल्या ऊर्जेवर बांधलेलं आयुर्मान म्हणजे आधी कळस मग पाया. तीन तापमानांवर स्वतः मोजा आणि तिची त्रुटीही सोबत लिहा.

अपुरं क्युअर. गरम पाण्यात ठेवलेल्या नमुन्याचा मॉड्युलस पहिल्या काही आठवड्यांत वाढलेला दिसला तर आनंद मानू नका. उरलेलं रेझिन गरम पाण्यात क्युअर होतंय. गटारात २८ अंशांवर ते तसं होणार नाही. असे बिंदू वक्रातून गुपचूप वगळायचेही नाहीत. नमुन्याची डीएससी पुन्हा करा आणि चाचणीची सुरुवात कुठून धरायची ते ठरवा.

वजन. फक्त वजनवाढ बघणारे फसतात. पाणी आत येतं तेव्हाच विघटनाने सुटलेले लहान रेणू बाहेर जातात, त्यामुळे वजन स्थिर दिसतं आणि आत पोखरणी चालू असते. काढलेला नमुना तोलून, वाळवून, परत तोला. वाळवल्यानंतरचं वजन मूळ वजनाच्या खाली गेलं तर तो तोटा परत न येणारा.

वेळेचे बिंदू. क्रीपसाठी वाचनं लॉग मापावर समान अंतराने: १, ३, १०, ३०, १००, ३००, १०००, ३०००, १०,००० तास. दर सोमवारी एक वाचन या पद्धतीने शेवटच्या दशकात (लॉग मापावरच्या दहापटीच्या टप्प्यात) गर्दी होते आणि पहिल्यात दुष्काळ. १०,००० तास म्हणजे साधारण चौदा महिने. निविदेची मुदत त्याआधी संपत असेल तर ३००० तासांवर अंतरिम मॉडेल द्या आणि ते अंतरिम आहे असं नावातच लिहा.

भारासह आम्ल. काचतंतूंच्या लाइनरला ताणाविना आम्लात बुडवून काहीच कळत नाही. वाकवून धरलेल्या कड्याच्या आत आम्ल ठेवून तो फुटेपर्यंत वेळ मोजायची पद्धत आयएसओ १०९५२ मध्ये आहे. वेगवेगळ्या विकृतींवर (ताणाने लांबीत होणारा सापेक्ष बदल) घ्या आणि लॉग विकृती विरुद्ध लॉग वेळ अशी रेघ काढा. एएसटीएम एफ१२१६ (सीआयपीपीचं अमेरिकी मानक) मधली रासायनिक चाचणी महिनाभराची असते आणि २० टक्क्यांहून जास्त घट नको एवढीच तिची अट. ती माल नाकारायला उपयोगी. तिच्यातून वेग काढू नका, त्यासाठी ती बनवलेलीच नाही.

तपासा: प्रत्येक चाचणीपुढे लिहा: कोणत्या मर्यादा-अवस्थेला, कोणत्या विभागाला, मॉडेलमधल्या कोणत्या राशीला. ज्या चाचणीपुढे काही लिहिता येत नाही तिचा खर्च वाचवा.

## टप्पा ५: सुटी मॉडेलं

आता एकेका यंत्रणेचं समीकरण. साधं ठेवा.

पाणी: जाडीच्या दिशेने एकमितीय फिक विसरण, म्हणजे ओल्याकडून कोरड्याकडे पाणी झिरपण्याचं साधं समीकरण. आतल्या पृष्ठभागाची अट वेगळी, बाहेरची वेगळी. बाहेर भूजल बारमाही असेल तर पाणी दोन्हीकडून. वजनवाढीचा आलेख वेळेच्या वर्गमुळाविरुद्ध सुरुवातीला सरळ येत नसेल तर फिकचा हट्ट सोडा. फोड किंवा पोकळ्या असाव्यात, आधी त्या शोधा.

क्रीप: फिंडलीचा घातनियम (विकृती वेळेच्या घाताने वाढते) बहुतेक कामाला पुरतो. पुढे ताणण्याच्या पद्धतीने उत्तर बदलतं, हे मात्र उघड सांगा. समजा १ तासाला मॉड्युलस ३००० मेगापास्कल आणि १०,००० तासांना २१०० आहे. ५० वर्षं म्हणजे ४,३८,००० तास. दोन्ही अक्ष लॉग घेऊन सरळ रेघ ओढली तर सुमारे १८१० येतात, फक्त वेळ लॉग घेतली तर सुमारे १७३०. बिंदू तेच, फरक रेघेचा. दोन्ही काढा, खालचा वापरा, आणि शेवटच्या दशकात उतार वाढतोय का ते नजरेने बघा. वाढत असेल तर संपूर्ण कालावधीची एक रेघ खोटी आहे.

रसायन: फेल्टच्या लाइनरला रेझिनच्या उरलेल्या ताकदीचं पहिल्या क्रमाचं समीकरण आणि आऱ्हेनियसचा वेग. काचेच्या लाइनरला टप्पा ४ मधली विकृती-वेळ रेघ.

एक चूक सर्रास दिसते: काँक्रीटसाठी असलेलं पोमेरॉयचं सूत्र लाइनरला लावणं. त्या सूत्रात भाजक म्हणून साहित्याची क्षारता असते, कारण काँक्रीटमधला चुना आम्लाला मारतो आणि मरताना झिजतो. रेझिनमध्ये चुना नाही. तिथे काहीतरी आकडा घालून ‘दरसाल इतके मिलिमीटर’ असं उत्तर काढता येतं, पण ते उत्तर कशाचंच नसतं. सूत्र ठेवायचंच असेल तर उघड्या पडलेल्या काँक्रीट मॅनहोलसाठी ठेवा.

घासण: तळाच्या विभागालाच, आणि वर्षाला सरळ प्रमाणात जाडी-घट. डार्मस्टाट कुंडाच्या चाचणीचा (पाइपच्या तुकड्यात वाळू-पाणी घालून तो हेलकावण्याची) आकडा मालांची आपसात तुलना करायला वापरा. फेऱ्यांचं वर्षांत रूपांतर करायला जाऊ नका.

## टप्पा ६: जोडणी, आणि गुणकांचा गुणाकार टाळा

सुटी मॉडेलं झाली की मोह होतो: क्रीप ०.५५, ओलावा ०.८५, आम्ल ०.९, सगळं गुणा आणि मोकळे व्हा. हा गुणाकार दोन्ही दिशांनी चुकतो.

एक, क्रीपची चाचणी पाण्यात केली असेल तर ओलाव्याने आलेला मऊपणा ०.५५ मध्येच बसलाय. परत ०.८५ ने गुणलं की तोच तोटा दोनदा मोजला. दोन, काच, आम्ल आणि ताण एकत्र आले की होणारं नुकसान सुट्या नुकसानांच्या गुणाकारापेक्षा मोठं असतं. पहिल्या चुकीने लाइनर उगाच जाड होतो, दुसरीने वाहिनी फुटते. दोन्ही एकमेकांना फेडतील अशा आशेवर राहणारे लोक आहेत.

जोडणीचा क्रम असा ठेवा:

१. विभागाचं तापमान आणि ओलाव्याची सीमा-अट घेऊन प्रत्येक काळ-पायरीला जाडीतला पाण्याचा आराखडा काढा.
२. त्या आराखड्यावरून प्रत्येक थराचा मॉड्युलस काढा. भिंत निदान दहा थरांची धरा. वाकण्याच्या ताठरतेत बाहेरचे आणि आतले थर मधल्यांपेक्षा फार जास्त वजनदार असतात, म्हणून सरासरी ओलावा घेऊन चालत नाही.
३. कोरड्या क्रीपचा वक्र ओलावा आणि तापमान यांच्या कालांतर-गुणकाने वेळेच्या अक्षावर सरकवा. ओल्या चाचणीचा वक्र असेल तर ही पायरी सोडा, आणि सोडली असं लिहा.
४. रसायनाने निकामी झालेला आतला थर जाडीतून वजा करा. तळाच्या विभागात घासणही वजा करा.
५. उरलेल्या जाडीवर स्थानिक विकृती परत काढा. जाडी घटली की विकृती वाढते, आणि ती टप्पा ४ च्या विकृती-वेळ रेघेवर जाऊन बसते. हा फेरा प्रत्येक काळ-पायरीला.

काळ-पायऱ्या सुरुवातीला बारीक आणि पुढे मोठ्या चालतील. पावसाळा-उन्हाळा वेगळा ठेवायचा तर मात्र महिन्याची पायरी हवी.

तपासा: आम्ल शून्य, घासण शून्य, तापमान चाचणीचंच ठेवून मॉडेल चालवा. उत्तर क्रीप-चाचणीच्या वक्राशी जुळायलाच हवं. नाही जुळलं तर कुठेतरी दुहेरी मोजणी आहे.

## टप्पा ७: संरचनेची तपासणी

मॉड्युलस आणि जाडी काळानुसार मिळाली, आता ती भूजलाच्या दाबाला लावा. एएसटीएम एफ१२१६ मधलं बकलिंगचं सूत्र शब्दांत असं: दोन गुणिले आधार-वृद्धी गुणक गुणिले दीर्घकालीन मॉड्युलस, भागिले एक वजा पॉयसाँ गुणोत्तराचा वर्ग, त्याला व्यास-जाडी गुणोत्तर उणे एक याच्या घनाने भागायचं, मग अंडाकारपणाच्या गुणकाने गुणून सुरक्षा गुणकाने भागायचं.

एक उदाहरण जवळून बघू. ६०० मिलिमीटर व्यास, १२ मिलिमीटर जाडी, दीर्घकालीन मॉड्युलस १००० मेगापास्कल, आधार-वृद्धी गुणक ७, पॉयसाँ ०.३, सुरक्षा गुणक २, अंडाकारपणा २ टक्के. अनुज्ञेय दाब येतो सुमारे ५४.६ किलोपास्कल, म्हणजे साधारण ५.६ मीटर पाणी.

आता तीन बदल, एका वेळी एक. मॉड्युलस १००० वरून ७७० केला: सुमारे ४२. जाडी १२ वरून ११ केली: सुमारे ४२. अंडाकारपणा २ वरून ५ टक्के केला: पुन्हा सुमारे ४२, म्हणजे ४.३ मीटरच्या आत-बाहेर. भिंतीतला एक मिलिमीटर आणि मॉड्युलसचा जवळजवळ चौथा हिस्सा यांची किंमत इथे सारखी. रेझिनच्या रसायनावर महिनोन्‌महिने घालवून जाडी आणि आकार ‘डिझाइनप्रमाणे’ धरणाऱ्यांनी हे तीन आकडे समोर चिकटवून ठेवावेत.

गुणक ७ हा लाइनर पाइपला घट्ट टेकलाय असं धरून आहे. मधे पोकळी राहिली असेल, किंवा रेझिन आकसून लाइनर सुटला असेल, तर तो आधार तेवढा मिळत नाही. कॅमेऱ्यात सुरकुती किंवा फुगवटा दिसलेल्या भागात हे सूत्र वापरू नका. तिथे दोषासह वेगळं मर्यादित-घटक विश्लेषण (भिंत लहान तुकड्यांत मोडून केलेलं गणित) करा.

## टप्पा ८: अनिश्चितता

एकच वक्र देऊ नका, पट्टा द्या. माँटे कार्लो (यादृच्छिक आकडे उचलून मॉडेल पुन्हा पुन्हा चालवणं) पुरतं आणि एक्सेलमध्येही जमतं. काळजी दोनच गोष्टींची.

जाडी आणि मॉड्युलस स्वतंत्र धरू नका. जिथे रेझिन जास्त साचतं तिथे भिंत जाड आणि मॉड्युलस कमी असतो. दोन्ही स्वतंत्रपणे उचलले तर पातळ आणि मऊ अशी जोडी वारंवार येते आणि धोका फुगतो. मोजलेल्या नमुन्यांतून सहसंबंध काढा.

दुसरं, सक्रियण ऊर्जेची त्रुटी प्रत्येक वर्षी नव्याने उचलू नका. ती एका फेरीत एकदाच ठरते आणि पन्नास वर्षं तीच राहते. दरवर्षी नवी घेतली तर चुका आपसात कटतात आणि पट्टा दिसायला छान अरुंद होतो.

शेवटी कोणती राशी पट्टा रुंद करते ते काढा. पुढचा चाचणीचा पैसा तिच्यावर.

## टप्पा ९: पडताळणी

आधी घरातली. ३००० तासांपर्यंतचे बिंदू घेऊन वक्र बसवा आणि १०,००० तासांचं भाकीत करा. मोजलेला बिंदू पट्ट्याबाहेर पडला तर ४,३८,००० तासांबद्दल बोलूच नका.

मग रस्त्याखालची. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१२ मध्ये डेन्व्हर आणि कोलंबस इथले ५ ते २५ वर्षं वापरात असलेले लाइनर काढून तपासले आणि ते एकंदरीत चांगल्या स्थितीत सापडले. हा अभ्यास हाताशी ठेवा, पण तुमच्या मॉडेलचा पुरावा म्हणून नको: तिथलं हवामान वेगळं, आणि पंपिंग मेनच्या तोंडाचा वायूने भरलेला पट्टा त्या नमुन्यांत असेल असं धरून चालता येत नाही.

स्वतःचा नमुना काढताना तुकडा कुठल्या घड्याळ-स्थितीतला (माथा १२, तळ ६) आहे ते लगेच खूण करा. माथ्याचा आणि तळाचा तुकडा अदलाबदल झाला की अख्खी पडताळणी वाया. तुकडा ओल्या कापडात, पिशवीत बंद करून प्रयोगशाळेत न्या. वाटेत वाळला तर मॉड्युलस पुन्हा वर जातो आणि लाइनर आहे त्यापेक्षा तरुण दिसतो. वाकण-चाचणी आधी ओल्या अवस्थेत, मग वाळवून दुसरी. वक्र तुकड्याची चाचणी सपाट पट्टीसारखी करू नका, आयएसओ ११२९६-४ मध्ये वक्रतेची दुरुस्ती दिली आहे.

बसवताना मोजलेला मूळ मॉड्युलस नोंदीत नसेल तर मिळालेला आकडा ‘घट’ म्हणून लिहू नका. कुठून घटला हेच माहीत नाही. तो फक्त आजच्या स्थितीचा बिंदू, आणि तसाच मॉडेलमध्ये घाला.

## टप्पा १०: मॉडेल चालू ठेवण्याची सोय

अहवालात विभागनिहाय पट्टे, वापरलेली रेघ, सोडलेल्या पायऱ्या आणि मॉडेलमध्ये नसलेल्या गोष्टी एवढं आलं की पुरे. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे नवा लाइनर बसवताना त्याच मालाच्या पट्ट्या मॅनहोलमध्ये टांगून ठेवणं: काही माथ्याच्या पातळीला, काही पाण्यात, आणि काचतंतूंच्या असतील तर काही वाकवून साच्यात धरलेल्या. चौकट प्लास्टिकची घ्या, साधं लोखंड त्या हवेत टिकत नाही. वर्षातून एकदा, पावसाळा ओसरल्यावर, काही मोजक्या पट्ट्या वर ओढून तपासायच्या आणि सक्रियण ऊर्जेपासून पुढचे आकडे नव्याने बसवायचे. क्रमांक मार्करने लिहू नका. गाळ आणि आम्लात ते पहिल्याच मोसमात पुसले जातात. पट्टी कापतानाच खाचा पाडून क्रमांक घाला, आणि कोणती खाच कोणत्या मालाची, कोणत्या बॅचची, ते बसवण्याच्या दिवशीच नोंदवहीत उतरवा.